गौळणीत मावशी असते, पिक्चरमधे का नसते?

शिमगा संपला, पालखी देवळात गेली, आणि त्यानंतरच्या रविवारी आमच्या वाडीची मीटिंग बसली. विषय तसा साधा होता. दरवर्षी पोरं सहाणेवर, म्हणजे पालखी बसते त्या चौथऱ्यावर, पडदा लावून एक पिक्चर दाखवतात, तो पुढच्या वर्षी कुठला दाखवायचा. एरवी हे कोणी विचारत पण नाही. पण यंदा वाडीतल्या एका मुलीने स्वतःच्या मनाने लग्न केलं आणि तेव्हापासून सगळ्यांना एकदम पिक्चरची काळजी लागली. एक काका उभे राहिले आणि म्हणाले, प्रेमाबिमाचे पिक्चर बंद, देवाधर्माचा लावा, या लव्हस्टोऱ्या बघूनच पोरी बिघडतात. मुंबईहून आलेली पोरं म्हणाली, काका पिक्चर आहे तो, डोकं बाजूला ठेवून बघायचा, टाईमपास असतो. मग अर्धा तास दोन्हीकडून तेच तेच. आम्ही बायका मागे चटईवर बसलो होतो. आम्हाला कोणी विचारलं नाही आणि आम्हीही बोललो नाही.

तेव्हा बोलले नाही ते आता लिहिते. मला दोन्ही बाजू चुकीच्या वाटतात आणि दोघांची चूक एकच आहे. दोघंही धरून चालतात की बघणारा माणूस म्हणजे रिकामा हंडा, वरून ओतलं की आत गेलं. काका म्हणतात विष ओतू नका, पोरं म्हणतात अहो पाणीच आहे ते. बघणारी बाई मधेच "थांब, हे काय चाललंय?" असं विचारू शकते, हे दोघांच्याही डोक्यात येत नाही. माझं म्हणणं असं की लव्हस्टोऱ्या जरूर बघाव्यात, घरी बघाव्यात, माजघरातल्या टीव्हीवर चार माणसांत बसून बघाव्यात, आणि बघताना शंका घ्याव्यात, त्याही मोठ्याने. आणि या कामाला ज्याचा त्या गोष्टींवर विश्वास नाही असाच माणूस सगळ्यात चांगला.

मी तशीच आहे. पहिल्या नजरेतलं प्रेम मला कधी पटलं नाही, "एकमेकांसाठीच जन्मलेले" हे पण नाही. पावसात भिजत गाणं म्हणणारी जोडपी बघितली की मला पहिला विचार येतो तो ओल्या कपड्यांचा, आमच्याकडे जूनपासून कपडे वाळत नाहीत. तरी गेली कितीतरी वर्षं रात्रीची भांडी आवरली की मी बसते, सोबत सासूबाई असतात, बारावीतली लेक असते, आणि सुट्टीत चिपळूणहून पुतण्या येतो तो. प्रेमाच्या गोष्टीत जेवढं बोलायला मिळतं तेवढं मारामारीच्या पिक्चरमधे मिळत नाही, हे माझं कारण.

आधी काकांचं बघू. लव्हस्टोऱ्या पोरींना बिघडवतात म्हणे. मग आपल्या घरात लग्न जमत नसलेल्या मुलीला आपण कुठलं पारायण करायला सांगतो? एकनाथांचं रुक्मिणीस्वयंवर. अठरा प्रसंग, पाटावर बसून, उदबत्ती लावून. आणि त्यात आहे काय? भावाने ठरवलेला नवरा नको म्हणणारी मुलगी आहे, ती सुदेव ब्राह्मणाच्या हाती आपल्या आवडत्या माणसाला पत्र पाठवते, अंबिकेच्या देवळात मला न्यायला ये म्हणून कळवते आणि त्याच्या रथात बसून निघून जाते. हीच गोष्ट वाडीत झाली तर मीटिंग बसते, पोथीत असली तर हळदकुंकू वाहतो. १८८२ साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'सौभद्र' रंगभूमीवर आणलं. दादाने दुर्योधनाला द्यायचं ठरवलेली बहीण, संन्याशाचं सोंग घेऊन घरात राहिलेला प्रियकर, आणि सगळा डाव रचणारा दुसरा भाऊ. आजच्या भाषेत ती सरळ सरळ रोमॅन्टिक कॉमेडी आहे, आणि मराठी माणूस शंभर वर्षं तिच्यावर जीव टाकतोय. त्याने आपल्या आज्या-पणज्या बिघडल्या असं कोणी म्हटल्याचं मी तरी ऐकलं नाही.

उलट नीट बघितलं तर काकांना खरं तर आवडायला हवेत असे पिक्चर जास्त आहेत. १९९५ चा 'दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे' घ्या, मुंबईत मराठा मंदिरला वर्षानुवर्षं चालला तो. त्यात मुलगी स्वतः म्हणते मला घेऊन चल. तिची आई दागिने हातात ठेवून म्हणते, जा, पळून जा दोघं. दोन बायका हो म्हणतायत, आणि नायक म्हणतो नाही, तिच्या वडिलांनी दिली तरच नेणार. शेवटी वडील हात सोडतात तेव्हाच ती गाडीकडे धावते. यात पळून जाण्याचं शिक्षण कुठे आहे? मला तर तो पिक्चर बघताना दरवेळी राग येतो तो याच जागी, की त्या मुलीच्या स्वतःच्या हो ला काही किंमत आहे की नाही. म्हणजे काका म्हणतात पिक्चर पोरांना फार मोकळं करतात, आणि मी म्हणते पुरेसं करत नाहीत.

पण काकांच्या बोलण्यात एक गोष्ट खरी आहे आणि ती मी टाळणार नाही. पिक्चरचा परिणाम होतो. काहीच होत नाही म्हणणारी माणसं स्वतःचे केस कोणाचे बघून कापतात ते त्यांनीच सांगावं. २०१५ साली ऑस्ट्रेलियात, तास्मानियात, दोन बायकांच्या सतत मागे लागल्याबद्दल एका भारतीय माणसावर खटला झाला. त्याच्या वकिलाने कोर्टात सांगितलं की हा हिंदी पिक्चर बघत मोठा झाला, त्यामुळे नाही म्हटलं तरी मागे लागत राहिलं की शेवटी बाई हो म्हणते असं त्याला वाटत होतं. त्याला तुरुंगात न टाकता चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडलं. वाचून मला लाज वाटली, कारण बचाव म्हणून ती पळवाट असेल, पण साफ खोटा म्हणून उडवून लावता येईना. आपल्याकडे २०१३ साली पाठलाग करणं हा स्वतंत्र गुन्हा झाला, तेव्हाच्या भारतीय दंड संहितेचं कलम ३५४ ड, आणि त्याच वर्षी 'रांझणा' आला, शाळकरी मुलीच्या मागे वर्षानुवर्षं फिरणाऱ्या आणि हाताची नस कापून घेणाऱ्या नायकाचा. कायदा म्हणतो गुन्हा, पडदा म्हणतो प्रेम. मग घरातल्या सतरा वर्षांच्या मुलाने कोणाचं ऐकायचं?

म्हणून बंदी घाला? इथेच मला आपलं नमन आठवतं, कोकणातला आपला लोकनाट्याचा खेळ. गुहागर-चिपळूणकडच्या माणसाला वेगळं सांगायला नको, तरी बाहेरच्यांसाठी सांगते. गण झाला की गौळण सुरू होते. गवळणी दूध-दही घेऊन मथुरेच्या बाजाराला निघालेल्या असतात आणि कृष्ण आपल्या पेंद्याला घेऊन त्यांची वाट अडवतो. म्हणजे बघा, पिक्चरमधला नायक कॉलेजच्या रस्त्यावर जे करतो तेच, वाट अडवणं, छेड काढणं, जाऊ न देणं. पण आपल्या गौळणीत एक मावशी असते. गडीच असतो तो, लुगडं नेसून, डोक्यावरून पदर घेऊन. ती पुढे होते आणि विचारते, तू कोण, कुठला, कोणाचा, आमची वाट अडवणारा तू कोण लागून गेलास? प्रत्यक्ष देवाला ती आडवी घेते. प्रेक्षक हसतात, मावशीची थट्टाही होते, पण तिचं बोलणं कोणी कापत नाही, आणि तिची उत्तरं दिल्याशिवाय कृष्णालाही पुढे सरकता येत नाही. ज्या कोणी हा खेळ पहिल्यांदा बांधला त्यांना बरोबर कळलं होतं की वाट अडवणारा देव जरी असला तरी बायकांच्या बाजूने विचारणारं कोणीतरी रंगमंचावर पाहिजे.

पिक्चरवाल्यांनी काय केलं, तर गौळण घेतली आणि मावशी काढून टाकली. नायक वाट अडवतो, मागे चार मित्र नाचतात, मुलगी आधी चिडते मग हसते, आणि विचारणारं कोणीच नाही. टॉकीजमधे तर त्या जागी शिट्टी असायची, आणि अंधारात शिट्टी मारणाऱ्याच्या विरुद्ध बोलायची कोणाची हिंमत? माझ्या लग्नाआधी मी ज्या टॉकीजमधे जायचे तिथे अशा सीनला आम्ही मुली खाली मान घालून बसायचो, हे मला आजही आठवतं. घरात तसं नाही. घरात रिमोट आहे. पिक्चर थांबवता येतो, आणि मावशीचं काम कोणालाही करता येतं.

मागच्या दिवाळीच्या सुट्टीतली गोष्ट. पिक्चरचं नाव राहू दे, असे पंचवीस आहेत. नायक मुलीच्या बसमधे तिच्या मागच्या सीटवर बसतो, रोज, गाणं चालू. मी रिमोट दाबला. पुतण्या म्हणाला, काकी आता काय झालं? मी म्हटलं, तिने याला बोलावलंय का? तो म्हणाला, अगं काकी, शेवटी तिला आवडतोच ना तो. मी काही बोलायच्या आत लेक म्हणाली, "नाय आवडत." टीव्हीकडे बघतच म्हणाली, पडदा थांबलेला होता, त्या नायकाचं तोंड अर्धवट उघडं राहिलेलं. मग तिने सांगितलं की कॉलेजच्या एसटीत जूनपासून एक मुलगा तिच्या मागच्या सीटवर येऊन बसतो, काही बोलत नाही, हात लावत नाही, नुसता बसतो आणि ती उतरते तिथे उतरतो, आणि म्हणून ती साडेसातची गाडी सोडून पावणेसातने जायला लागली होती. पाच महिने मी पहाटे उठून तिचा डबा करत होते आणि मला वाटत होतं जादा तास असतात. पुतण्या बराच वेळ गप्प होता. नंतर त्याने एवढंच विचारलं, तू कोणाला सांगितलं का नाहीस, आणि ती म्हणाली, काय सांगू, त्याने केलं तर काहीच नाही ना.

पुढे त्या मुलाचं काय करायचं ते आम्ही केलं, तो इथला विषय नाही. पण मला काकांना विचारायचंय, तो पिक्चर आमच्या घरात बंद असता तर हे बोलणं निघालं असतं का? मी आई म्हणून समोर बसवून "तुला कोणी त्रास देतं का गं" असं कितीदा विचारलं होतं, उत्तर नाही असंच यायचं. त्या चुकीच्या, खोट्या, मला अजिबात न पटणाऱ्या सीनने तिला बोलतं केलं, कारण बोट दाखवायला समोर काहीतरी होतं. आणि मुंबईच्या पोरांनाही हेच विचारायचंय, डोकं बाजूला ठेवून बघितलं असतं तर?

टाईमपासवाल्यांचीही एक बाजू खरी आहे, ती पण मानते. आमच्या शेजारची बाई काजूच्या फॅक्टरीत जाते, दिवसभर बिया फोडून हाताची कातडी काळी पडते तिची, चिकाने सोलवटते. ती रात्री म्हणते, मला नको तुझे प्रश्न, मला दोघांचं शेवटी जमलं की झालं. तिला मी काय म्हणू? तिचा तो हक्कच आहे. गोष्टीतल्या सुखावर कोणी टॅक्स लावू नये, आणि दर पाच मिनिटाला पिक्चर थांबवणारा माणूस कोणालाच नको असतो, माझ्या लेकीलाही नको असतो. शंका घेणं म्हणजे रस मोडणं नाही, एका पिक्चरमधे एकदा थांबवलं तरी पुष्कळ. पण "नुसती करमणूक" हे वाक्य आपल्याकडे काही नवीन नाही. ना. सी. फडके कलेसाठी कला म्हणत होते, त्यांच्या प्रेमाच्या कादंबऱ्यांवर अख्खी पिढी वेडी होती, आणि दुसरीकडे वि. स. खांडेकर जीवनासाठी कला म्हणत होते. खांडेकर १९२० पासून १९३८ पर्यंत आपल्याच कोकणात, शिरोड्याला मास्तर होते. समोर बाकांवर मच्छीमारांची, शेतकऱ्यांची पोरं रोज बसलेली असताना नुसत्या सुंदर प्रेमकथेवर त्यांचं समाधान होणार कसं? मला फडके वाचायला आवडले, खांडेकर कधीकधी फार उपदेश करतात असंही वाटलं. तरी भांडणात मी खांडेकरांच्या बाजूची, कारण गोष्ट काय गाळते हे बघायची सवय त्या बाजूला लागते.

आणि प्रेमाच्या गोष्टी काय काय गाळतात? कागद गाळतात. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने लग्न करायचं तर तीस दिवसांची नोटीस लागते, ती ऑफिसात लावली जाते, कोणीही येऊन वाचू शकतो. जातीबाहेर लग्न करणाऱ्या जोडप्याचा जीव त्या तीस दिवसांत टांगलेला असतो. एवढं नाट्य असलेली गोष्ट, किती पिक्चरमधे बघितलीत? जात गाळतात, ती न गाळता दाखवायला २०१६ चा 'सैराट' यावा लागला, आणि त्याने लग्नानंतरचा गॅस, भाड्याची खोली, नोकरी, पैशावरून भांडण हे सगळं दाखवून मग तो शेवट दाखवला. आमच्या घरी तो संपल्यावर टीव्ही बंद करायलाही कोणी उठलं नाही.

आमच्या कोकणातल्या लग्नात जे मुख्य होतं तेही गाळतात, म्हणजे लांब राहणं. सासरे परळला गिरणीत होते, गावकीच्या खोलीत वीस-बावीस जणांत राहायचे, गणपतीला यायचे, मे महिन्यात यायचे, की परत. चौदा वर्षं असं चाललं, जानेवारी १९८२ मधे संप सुरू झाला आणि त्यानंतर वर्षभराने ते कायमचे गावी आले. तेव्हा कोकण रेल्वे नव्हती, ती सगळी सुरू झाली १९९८ ला. रात्रीची एसटी. सासूबाई दोन्ही वेळा पोरांना घेऊन स्टँडवर पोचवायला जायच्या. तो १९९५ चा पिक्चर आम्ही पहिल्यांदा त्यांच्यासोबत बघितला, शेवटी स्टेशन, चालती गाडी, दारात उभा नायक, मुलगी धावते, तो हात देतो, ती वर चढते. आम्ही सगळे डोळे पुसतोय. सासूबाई गोंधळून माझ्याकडे बघायला लागल्या आणि म्हणाल्या, "पोचवायला आलेली ना ती? मग गाडीत चढली कशी गो?"

मी त्यांना समजावलं की तो तिला घेऊन जातोय. त्या म्हणाल्या, "असं पण व्हतं व्हय." आणि उठून चूल बघायला आत गेल्या.

या एका वाक्याने मला जेवढं त्यांच्या लग्नाबद्दल कळलं तेवढं वीस वर्षं एका घरात राहून कळलं नव्हतं. चौदा वर्षं ज्या बाईने गाडीच्या खाली उभं राहून हात हलवला, तिला गाडीत चढणारी बाई म्हणजे चूक वाटली. आता मला सांगा, ही बाई म्हणजे रिकामा हंडा आहे का? तिच्यात पिक्चर ओतला गेला की तिने आपलं आयुष्य घेऊन पिक्चरला प्रश्न विचारला?

शंकेखोर आहे म्हणून मला सगळ्याच लव्हस्टोऱ्या वाईट वाटतात असं नाही. बरी कुठली ते ओळखायची माझी एक साधी खूण आहे, दोघं एकमेकांशी बोलतात का, आणि बोलताना मुलगी भांडू शकते का. १९३४ चा 'इट हॅपन्ड वन नाइट' लेकीने लॅपटॉपवरून टीव्हीला जोडून लावला होता. आपल्याकडे त्याचाच 'चोरी चोरी' झाला १९५६ ला आणि 'दिल है कि मानता नहीं' १९९१ ला. बापावर रागावून पळालेली श्रीमंत मुलगी आणि नोकरी गेलेला पत्रकार, बराच प्रवास रात्रीच्या बसने, आणि सगळं प्रेम भांडणातून. शेवटी लग्नाच्या दिवशी तिला वेदीकडे नेता नेता बापच तिच्या कानात सांगतो की तुझी गाडी फाटकाशी उभी आहे, तुझं मन नसेल तर जा. नव्वद वर्षांपूर्वीचा बाप हे सांगतो, आणि साठ वर्षांनंतरच्या आपल्या पिक्चरमधला नायक बापाच्या परवानगीची वाट बघत बसतो. पण तिकडचंही सगळं गोड मानू नये. १९९८ चा 'यूव्ह गॉट मेल' बघा, किती गोड म्हणतात लोक, आणि त्यात त्या बाईचं आईपासून चालत आलेलं पुस्तकांचं दुकान ज्याच्या मोठ्या दुकानामुळे बंद पडतं त्याच्याच गळ्यात ती शेवटी पडते. माझ्या दिराचं किराणा दुकान आहे. तो म्हणाला, वहिनी, हा मला प्रेमाचा पिक्चर वाटत नाही.

एक आक्षेप राहिला आणि तो मला सगळ्यात अवघड वाटतो. चार माणसांत बसून असले पिक्चर बघणं अवघडतं. एखादा सीन आला की कोणी पाणी प्यायला उठतं, कोणी मोबाईल काढतं, सासूबाई उगाच वाती वळायला घेतात. आणि पोरांचं एक स्वतःचं जग असतं, त्यात आईने कायम नाक खुपसू नये, हेही मला पटतं. प्रेमाबद्दल काहीतरी एकट्याने, गुपचूप वाटण्याचा हक्क सतरा-अठरा वर्षांच्या पोरांना हवाच. तरी मी म्हणेन की हेडफोन लावून गोधडीत मोबाईलवर बघितलेल्या दहा पिक्चरांमागे एक तरी माजघरात बघावा, अवघडत बघावा. कारण मोबाईलवर पोरगा एकटा असतो आणि त्याच्याशी बोलणारं एकच माणूस असतं, तो पडद्यावरचा, वाट अडवणारा. काकांनी सहाणेवरचा पिक्चर बंद केला तर पोरं पिक्चर बघायची थांबणार आहेत का? ती फक्त आपल्यासमोर बघायची थांबतील.

पुढची मीटिंग मे महिन्यात आहे, चाकरमानी आले की. मी जाणार आहे, आणि या वेळी चटईवरून उठून बोलणार आहे. पिक्चर प्रेमाचाच लावा. मध्यंतर ठेवा, दहा मिनिटांचं, पूर्वी असायचं तसं. दिवे लावा आणि माईक मागे बायकांकडे द्या. वाडीत नमनाला मावशी होतात ते भाऊजी वयाने सत्तरीला आलेत पण आवाज अजून खणखणीत आहे, कोणी बोलेना झालं तर पहिला प्रश्न त्यांनी विचारावा, लुगडं नेसून आले तरी चालेल. सासूबाईंना मी सांगून ठेवलंय. त्या म्हणाल्या, पिक्चर कुठला ते आधी सांग, मला त्या गाडीवालीला परत बघायचंय.